दोन बोटं कमी

मुतह्हरनं कमरेचा जंबिया सोडून सासऱ्याच्या पायाशी ठेवला, तेव्हा त्याची बायको तकिय्या वरच्या जिन्यात अंगावर बाहेरची चादर घेऊन, दोन्ही मुलांच्या चपला हातात धरून, घरी परत निघायच्या तयारीत उभी होती. हे त्याला खाली बैठकीत ठाऊक असतं तर सगळं प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मुतह्हरला मोठेपणा करायची हुक्की आली होती, आणि ती आली की त्याला समोरचं दिसत नसे, मग जिन्यातलं कुठून दिसणार!

तसं पाहिलं तर साना शहरात रुसून माहेरी जाणाऱ्या बायका काही कमी नाहीत, आणि त्यांना परत आणायची रीतही ठरलेली आहे. नवऱ्यानं आधी चार दिवस 'आपल्याला काय त्याचं' अशा थाटात हिंडावं. बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की गल्लीतले दोन पोक्त गृहस्थ सोबत घ्यावेत, चांगलेसे बेदाणे बांधून घ्यावेत आणि सासऱ्याच्या दारात उभं राहावं. सासरा घसा खाकरतो, बेदाणे ठेवून घेतो आणि मुलीला हाक मारतो. मुतह्हरचा सासरा हाज लुत्फ हा स्वतःच बेदाण्यांचा व्यापारी, तेव्हा बेदाणे नेणं जरा विचित्र दिसलं असतं, एवढीच काय ती अडचण. ती टाळायला म्हणून हा पठ्ठ्या एकटाच गेला आणि नुसतं 'काका, चुकलं' म्हणायचं सोडून कमरपट्टा सोडत गरजला, "हा घ्या माझा जंबिया! न्याय करा! जो निकाल लागेल तो मान्य!"

आता जंबिया असा कुणाच्या पायाशी ठेवतात तो खुनाच्या, नाहीतर विहिरीच्या, गेलाबाजार जमिनीच्या भांडणात. एकदा ठेवला की निकाल लागेपर्यंत मालकानं त्याला हात लावायचा नाही, आणि समोरच्यानं 'असू दे, असू दे' म्हणून परत केला तर तो दोघांचाही अपमान. त्यातून हा जंबिया मुतह्हरच्या वडिलांचा, त्याआधी आजोबांचा. मूठ इतकी जुनी की मधासारखी पिवळी झालेली. हाज लुत्फनं आधी जंबियाकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग छताकडे.

"अरे मुतह्हर," तो म्हणाला, "हे काय करून ठेवलंस?"

आणि नाइलाजानं त्यानं गल्लीच्या आकिलला बोलावणं धाडलं. वर जिन्यात तकिय्यानं चपला खाली ठेवल्या.

भांडणाचं मूळ म्हणाल तर मेथी. मेथीचं पीठ रात्री भिजत घालायचं, सकाळी वरचं कडू पाणी ओतून द्यायचं, आणि खाली राहिलेला चिखल हातानं फेटत बसायचं. फेटता फेटता तो चिखल पांढरा होतो, हलका होतो, फुगून वर येतो. हाच हुलबा. दगडी भांड्यात रटरटणाऱ्या रश्शावर, म्हणजे सल्त्यावर, तो ओतला की दुपारचं जेवण पुरं झालं. हुलबा नसलेला सल्ता म्हणजे आजाऱ्याचं पथ्य, असं सगळं साना मानतं. तकिय्याचा हुलबा गल्लीत नावाजलेला होता. पण मुतह्हर सरकारच्या वजनमाप खात्यात तपासनीस. दिवसभर बाजारातले तराजू तपासायचे, वजनं जप्त करायची, आणि घरी आल्यावर ते डोकं काही टोपीसारखं काढून खुंटीला अडकवता येत नसे. त्या दिवशी एका खजूरवाल्याच्या तराजूवरून लांबतच गेलेलं भांडण मिटवून तो साहेबांना घेऊन जेवायला घरी आला. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून हुलब्याचं भांडं आलं. मुतह्हरनं काठाशी दोन बोटं आडवी धरली, एक डोळा मिटला आणि साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "दोन बोटं कमी."

मुलीनं रिकाम्या भांड्याबरोबर हे वाक्यही वर नेलं. वरून उत्तर आलं, "बाबांना सांग, पुढच्या वेळी त्याच बोटांनी स्वतः फेटा." संध्याकाळी घरात मुतह्हर आणि सल्त्याचं थंड भांडं एवढेच उरले.

आकिल मुहसिन हा गल्लीचा कारभारी. त्याच्यापुढं येणारे खटले म्हणजे कुणाच्या गटाराचं पाणी कुणाच्या उंबऱ्यात शिरलं, कुणाच्या कोंबड्यानं कुणाची झोप मोडली, असले. बऱ्याच वर्षांनी त्याच्यासमोर एक खराखुरा जंबिया आला होता. तो हरखून गेला. खटला मेथीचा आहे हे कळल्यावरही त्याचा उत्साह तसूभर कमी झाला नाही. सगळी दुपार गातची तरतरी आणणारी पानं गालात धरून सुनावणी चालली. साहेबांना साक्षीला बोलावण्यात आलं. ते बिचारे सांगून सांगून काय सांगणार? "मी जेवलो. चांगलं होतं," एवढंच ते म्हणाले, आणि हे वाक्य नेमकं कुठल्या बाजूचं धरायचं यावर तासभर खल झाला.

शेवटी आकिलनं निकाल दिला. येत्या शुक्रवारी नमाजनंतर मुतह्हरनं फिर्यादी बाईच्या माहेरच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हातानं हुलबा फेटायचा. बाईचा हात लागता कामा नये, यंत्र चालणार नाही. हुलबा भांड्याच्या काठाला लागून वर दोन बोटं आला पाहिजे. आला तर बायको घरी आणि जंबिया कमरेला. नाही आला तर बायको तिच्या मर्जीनं येईल तेव्हा येईल, आणि जंबिया तोवर आकिलच्या घरी.

"मान्य?" आकिलनं विचारलं.

"मान्य!" मुतह्हर म्हणाला. "त्यात काय आहे? मेथीच तर फेटायचीय."

आतल्या पडद्यामागून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. तो त्यानं ऐकला नाही असं दाखवलं.

आकिलनं जंबिया आपल्या बैठकीत भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशा जागी टांगला. इकडे मुतह्हरची पंचाईत अशी झाली की बोलताना उजवा हात जंबियाच्या मुठीवर ठेवायची त्याला आयुष्यभराची सवय. आता हात सवयीनं तिथं जाई आणि नुसताच पोटावर येऊन पडे. बाजारात लोक थांबून विचारू लागले, "पोटात दुखतंय का हो?" आणि उत्तराची वाट न बघता सांगू लागले, "मेथी घ्या. सकाळी उपाशीपोटी चमचाभर." पहिल्या दिवशी त्यानं सात जणांचे आभार मानले. आठव्याच्या अंगावर तो खेकसला.

पण माणूस जिद्दीचा. त्याच रात्री त्यानं 'मिठाचा बाजार' म्हणतात त्या पेठेतून आणलेलं मेथीचं पीठ काढलं, त्यात पाणी घातलं आणि बाह्या सरसावून बसला. भिजत घालायचं असतं हे त्याला बोलायला ठाऊक होतं, करायला नव्हतं. फेटून फेटून दंड भरून आले तेव्हा भांड्यात गवंड्यानं कालवलेल्या मातीसारखं काहीतरी तयार झालं होतं. जिभेला लावून बघितलं, तर कडूपणा कानापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारची अम्मा जोहरा न बोलावता आली. ही गल्लीतली वयानं आणि आवाजानं सगळ्यांत मोठी बाई. तिनं भांड्यात डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काय रे हे? भिंत लिंपतोयस का?"

"अम्मा, निकालात म्हटलंय बाईचा हात लागता कामा नये."

"हात कोण लावतंय? माझी जीभ लावतेय. निकालात जिभेचं काही म्हटलंय?" अम्मानं ऐसपैस बसकण मारली. "रात्री भिजव. सकाळी पाणी ओतताना जीव जडवू नकोस, सगळं ओत. बोटं चिकटवून धर, मोकळी नाही. तळापासून वर उचल. आणि मध्ये थांबलास की मेली मेथी. कुणी दारात आलं तरी उठायचं नाही, आग लागली तरी उठायचं नाही."

"बाळ रडलं तर?" मुतह्हरनं सहज विचारलं.

"पायानं झोका द्यायचा," अम्मा म्हणाली. "तुझ्या बायकोनं काय केलं असेल, तुला वाटतं?"

खालच्या मजल्यावर औषधाचं दुकान चालवणारा गमदान हा शिकलेला माणूस. त्याच्या मते हा सगळा प्रश्न हवेच्या बुडबुड्यांचा होता. "तुम्ही मेथीत हवा भरताय. हवा काय हाताला ओळखते का?" त्यानं मेथीच्या गोळ्यांची एक बाटली दाखवली. परदेशात लोक साखरेच्या आजारावर ही गोळी घेतात, सल्त्यात हात न बुडवता, असं त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग आपल्या बायकोचा मिक्सर मुतह्हरच्या बैठकीत आणला. "सराव म्हणून हो! सरावाला निकालाची बंदी नाही. काय घडायला हवं ते डोळ्यांनी एकदा बघून घ्या."

हे मुतह्हरला पटलं. त्यांनी मिक्सरमध्ये मेथी भरली, बटण दाबलं, आणि गल्लीतली वीज गेली. दोघं वाट बघत बसले. वाट बघता बघता गमदान झाकण काढून आत काय आहे ते दाखवू लागला आणि नेमकी त्याच वेळी वीज आली. मेथी काय फुगायची ती फुगली असेल, पण ती बघायला भांड्यात उरली नव्हती. छतावर होती, चुन्याच्या शुभ्र भिंतींवर होती, रंगीत काचांच्या झरोक्यावर होती आणि गमदानच्या चष्म्यावर होती.

संध्याकाळी आकिल मुहसिन चौकशीला हजर. यंत्र वापरल्याची खबर त्याला लागली होती.

"सराव होता," मुतह्हर म्हणाला.

"निकालात सरावाचा उल्लेख नाही."

"म्हणजे बंदीही नाही."

"म्हणजे परवानगीही नाही," आकिल म्हणाला, आणि छताकडे बघत त्यानं दंड वाढवला: हुलब्यात घालायची मिरची, लसूण आणि कोथिंबीरही आरोपीनंच पाट्यावर वाटायची. जाता जाता भिंतीवरची थोडी मेथी त्यानं बोटानं निपटून चाखली. "मीठ नाही," तो म्हणाला.

यापुढे मुतह्हरनं कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवलं आणि तो हट्टालाच पेटला. सकाळी कामावर जाण्याआधी फेटायचं, दुपारी आल्यावर फेटायचं. फसलेली मेथी टाकवत नव्हती, कारण नासाडी करणं पाप, आणि खाववतही नव्हती. अम्मा जोहरानं तिची सोय लावली. एक घाणा गमदानच्या बायकोच्या केसांना गेला. एक घाणा गल्लीतल्या बाळंतिणीकडे गेला, तिला दूध यावं म्हणून. बाकीची अम्माच्या शेळीनं खाल्ली. शेळीचं दूध वाढलं हे खरं, पण सगळ्या गल्लीच्या चहाला मेथीचा वास मारू लागला. इतकंच नव्हे, मुतह्हरचा उजवा खांदा सुजला तेव्हा अम्मानं त्यावर पोटीस बांधलं. कशाचं म्हणून काय विचारता?

एवढी मेथी माणसाच्या अवतीभवती असली की ती त्याच्या घामातून बोलू लागते. साहेबांनी त्याचं टेबल खिडकीपाशी सरकवलं, मग खिडकी उघडली, मग हळूच सुचवलं की त्यानं आता बाहेरच्या तपासण्याच कराव्यात. पण बाजारात निराळंच घडलं. मुतह्हर वळणावर यायच्या आधी त्याचा वास येई, आणि तो पोचेपर्यंत एकूण एक दुकानदार खोटी वजनं गोणीखाली सारून खरी वजनं मांडून बसलेला असे. आठवडाभर त्याला एकही लबाडी सापडली नाही. ज्या खजूरवाल्याशी त्याचं वाजलं होतं तोही तराजूसमोर हात जोडून उभा. "साहेब, बघा ना, काटा कसा सरळ आहे!" इतका अपमान त्याचा आजवर कधी झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी मात्र काहीतरी झालं. हात चालवता चालवता भांड्यातला चिखल एकदम हलका लागला. रंग उतरत उतरत दुधाळ झाला, बोटांमागून उठू लागला, आणि बघता बघता काठाला टेकला. मुतह्हरनं श्वास रोखून धरला. मग "अगं बघितलंस का!" असं तो मोठ्यानं ओरडला, आणि वर बघितलं.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो या घराच्या सगळ्यांत वरच्या खोलीत इतका वेळ कधी बसलाच नव्हता. धुरानं काळी झालेली भिंत, गुडघ्याखाली घ्यायला घडी घातलेलं फडकं, एवढीशी खिडकी. त्या खिडकीतून गल्लीचं टोक दिसायचं. त्याला फार एकटं वाटलं. फुगलेला हुलबा त्यानं एकट्यानंच खाल्ला, आणि तो चांगला होता म्हणून आणखीच वाईट वाटलं.

शुक्रवारी नमाज झाली आणि वरात निघाली. पुढं जंबिया दोन्ही हातांवर धरलेला आकिल, मागं भिजवलेल्या मेथीचं भांडं उराशी धरलेला मुतह्हर, त्याच्यामागं गमदान आणि ज्याला ज्याला शुक्रवारी दुसरं काम नव्हतं तो. हाज लुत्फच्या घराचे पाच मजले मुतह्हर "अल्लाह, अल्लाह" असा पुकारा करत चढला, म्हणजे वाटेतल्या बायकांनी आडोशाला जावं. पाट्यावर मिरची वाटताना त्याचे डोळे वाहत होते. ते मिरचीमुळेच, असं त्यानं कुणीही न विचारता जाहीर केलं. मग तो गुडघ्यावर बसला, बोटं चिकटवून धरली आणि सुरुवात केली.

फेटताना कुणीतरी दारात आलं, तो उठला नाही. गमदाननं बुडबुड्यांबद्दल काही सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. खांदा ठणकू लागला, हात थांबला नाही. मेथी पांढरी झाली, हलली, उठली, काठाला आली आणि काठाच्या वर आली. खोलीत "वा!" असा एकच आवाज झाला.

"मोजा," आकिल म्हणाला, आणि आपली दोन बोटं पुढं केली. आकिलची बोटं म्हणजे काकड्याच होत्या.

"ही बोटं चालणार नाहीत," गमदान मध्ये पडला. "प्रमाण काय? कुणाची बोटं?"

झालं! खटल्याला नवं कलम मिळालं. फिर्यादीची बोटं धरावीत, न्यायाधीशाची धरावीत, की दोन्हींची सरासरी काढावी, यावर अशी हातघाई सुरू झाली की आकिलला पुन्हा गातच्या पानांची आठवण झाली. शेवटी ठरलं की ज्या बोटांनी गुन्हा घडला तीच प्रमाण. मुतह्हरनं आपली दोन बोटं काठाला लावली. आठवडाभर फेटून ती सुजून टम्म झाली होती. तो एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला. त्यानं काही म्हटलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं. आकिलनं तर जंबिया अर्धा पुढं केलाच होता.

"अर्धं बोट कमी," मुतह्हर म्हणाला.

"अरे, असू दे रे!" गमदान कुजबुजला.

"कमी म्हणजे कमी. बाजारात मी कुणाला सोडत नाही."

आकिलनं सुस्कारा टाकून जंबिया मागं घेतला. आणि मग सगळ्यांचं लक्ष भांड्याकडे गेलं. इतका वेळ भांडाभांडीत गेला होता, त्या वेळात फेस हळूहळू उतरत होता. तो काठाखाली गेला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणखी खाली गेला. आता तो बरोबर दोन बोटं कमी होता. कोणाचीही बोटं धरा.

"त्या दिवशीही तो काठाच्या वरच होता," पडद्यामागून तकिय्याचा आवाज आला. आवाज शांत होता. "तुम्ही खजूरवाल्याशी भांडत होतात. मी खिडकीतून बघत होते, गल्लीच्या टोकाला तुम्ही दिसताय का. दोनदा खाली बसला, दोनदा परत फेटला. तिसऱ्यांदा हात उचलेना. मग तुम्ही आलात, आणि मोजलंत."

मुतह्हरला ती एवढीशी खिडकी आठवली. त्याचा उजवा हात सवयीनं कमरेकडे गेला आणि पोटावर तसाच राहिला. या वेळी कुणीही पोटात दुखतंय का म्हणून विचारलं नाही.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी विचारलं नाही."

आकिल मुहसिन घसा खाकरून निकालाचं उरलेलं कलम काढणार होता, पण हाज लुत्फनं त्याच्या हातातला जंबिया काढून घेतला आणि जावयाच्या मांडीवर ठेवला. सगळ्या खटल्यात तो माणूस जेमतेम एक वाक्य बोलला होता. आता तो दुसरं बोलला.

"सल्ता उकळतोय. जेवून घ्या, मग काय तो न्याय करा."

जेवणं झाल्यावर न्याय कुणाच्याच लक्षात राहिला नाही. आकिल तर तिथंच लोडाला टेकून घोरू लागला. तकिय्या जिन्यात उभी होती, अंगावर चादर, हातात मुलांच्या चपला. तिनं मुतह्हरचा हात आपल्या हातात घेतला, सुजलेली बोटं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "बाजारातून घरी एवढी वर्षं कुठल्या वाटेनं येत होतात, की खिडकी कधी दिसली नाही?"

त्याचं उत्तर पुढं सगळ्या बाजाराला दिसलं. दुपारची बांग झाली की मुतह्हर कुठल्याही तराजूवरून, कुठल्याही भांडणातून, वाक्य अर्धवट टाकून उठतो. दुकानदार मागून ओरडतात, "साहेब, वजन राहिलं ना!" तो जंबिया एका हातानं घट्ट धरून घराकडे चालू लागतो, आणि गल्लीच्या टोकाला आला की मान वर करून त्या खिडकीकडे बघत हात हलवतो.